इंजिनातला हरवलेला बोल्ट : शोध, ओळख आणि बदल

मोटारीच्या इंजिनाचे काम चालू असताना एखादा बोल्ट हातून निसटतो, आत कुठेतरी ‘टण्’ असा आवाज होतो आणि जमिनीवर मात्र काहीच सापडत नाही. कधी काम पूर्ण होते, सगळी झाकणे बसतात आणि एक भोक रिकामेच उरते. गॅरेजमध्ये हे रोजचेच असल्याने त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही. डब्यातून त्याच जाडीचा दिसणारा दुसरा बोल्ट काढायचा, आवळायचा आणि गाडी मालकाच्या ताब्यात द्यायची, ही सर्वसाधारण रीत. पुष्कळदा ती निभावते. जेव्हा निभावत नाही, तेव्हा होणाऱ्या खर्चाचा बोल्टच्या किमतीशी काहीही संबंध नसतो. हेडमधले आटे मरतात, टायमिंग बेल्ट सरकतो, व्हॉल्व्ह वाकतात, नाहीतर चालत्या गाडीचे ऑइल रस्त्यावर सांडते.

बोल्ट म्हणजे दोन वस्तू जोडणारी खिळ्यासारखी वस्तू, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात बोल्ट ही एक ताणलेली स्प्रिंग असते. आवळताना तो किंचित लांबतो आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या धडपडीमुळेच दोन भाग एकमेकांवर दाबले जातात. सहा मिलिमीटर जाडीचा साधा बोल्ट नेमून दिलेल्या जोराने आवळला, तर सुमारे ८०० ते ८५० किलो वजनाइतका दाब निर्माण करतो. मारुती ८०० या मोटारीचे मोकळे वजनसुद्धा यापेक्षा कमी होते. असा एक बोल्ट कमी झाला की त्याच्या वाट्याचा दाब तेवढ्या जागी नाहीसा होतो. गॅसकेट तिथे सैल पडते आणि शेजारच्या बोल्टवर नको तेवढा भार येतो. बॅटरीची अर्थिंगची पट्टी इंजिनाला जोडणारा बोल्ट राहून गेला, तर स्टार्टरचा प्रचंड प्रवाह दुसरी वाट शोधतो. जुन्या गाड्यांत ही वाट क्लचच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून गेल्याने केबल जळाल्याची उदाहरणे जाणत्या वायरमनांना ठाऊक आहेत.

म्हणून प्रश्न दोन आहेत : जुना बोल्ट कुठे गेला, आणि त्याच्या जागी नेमका कोणता घालायचा. यांपैकी पहिला सुटल्याशिवाय दुसऱ्याकडे वळू नये.

आधी जुन्याचा शोध

बोल्ट इंजिनाच्या परिसरात पडल्याची शंका असेल, तर तो सापडेपर्यंत किल्ली फिरवायची नाही. गाडी जागची हलवून खालची जमीन पाहायची झाल्यास ती न्यूट्रलमध्ये टाकून हाताने ढकलावी. बरेच बोल्ट जमिनीपर्यंत पोहोचतच नाहीत. हल्लीच्या मोटारींना इंजिनाखाली प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण असते आणि निसटलेली वस्तू त्याच्या खळग्यात जाऊन बसते. त्याखेरीज पुढच्या चाकांना आधार देणाऱ्या चौकटीच्या पोकळ्या, गिअरबॉक्सचा वरचा सपाट भाग, इनटेक मॅनिफोल्डखालची दरी आणि रेडिएटरच्या खालची पट्टी या जागा तपासाव्यात.

यासाठी एक जुनी युक्ती फार उपयोगी पडते. तशाच आकाराच्या दुसऱ्या बोल्टला मजबूत दोरा बांधावा आणि पहिला जिथून पडला त्याच ठिकाणाहून तो सोडावा. तो ज्या वाटेने घरंगळतो, बहुधा त्याच वाटेने पहिलाही गेलेला असतो. दोरा मात्र पक्का असावा. एकाचे दोन व्हायला नकोत.

लोहचुंबकाची लांबणारी कांडी हे या कामाचे मुख्य हत्यार. अरुंद जागेत ती सारखी आजूबाजूच्या लोखंडालाच चिकटते. तिच्या टोकाच्या कडेभोवती चिकटपट्टीचे चार वेढे दिले, किंवा ती प्लॅस्टिकच्या नळीतून आत घातली, तर हा त्रास कमी होतो. ॲल्युमिनियम, पितळ आणि बहुतेक स्टेनलेस स्टील चुंबकाला दाद देत नाही. तेथे बारीक चिमट्याची लवचीक कांडी वापरावी लागते. दंतवैद्याकडे असतो तसला छोटा आरसा आणि चांगला टॉर्च यांनी निम्मे काम होते. मोबाइलला जोडता येणारे बारीक कॅमेरे आता सहज मिळतात, त्यांनी उरलेले निम्मे होते.

सर्वांत घातक जागा तीन. पहिली स्पार्क प्लगचे भोक. प्लगचा व्यास अनेक गाड्यांत १४ मिलिमीटर असतो आणि सहा मिलिमीटरचा साधा षट्कोनी बोल्ट त्यातून डोक्यासकट आत जाऊ शकतो. पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या आणि हेडच्या मधली जागा अत्यंत थोडी असते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर पिस्टन सेकंदाला पन्नास वेळा वर येतो. तेथे पोलादाचा तुकडा सापडला की काय होईल, हे निराळे सांगायला नको. दुसरी जागा इनटेकची वाट. थ्रॉटल किंवा एअर फिल्टर काढलेला असताना तिथे पडलेली वस्तू पहिल्या फेरीतच सिलिंडरकडे ओढली जाते. तिसरी टायमिंग बेल्टचे आवरण. बेल्ट आणि पुली यांच्या मध्ये बोल्ट आला, तर बेल्ट दातावरून उडी मारतो. ज्या इंजिनांत पिस्टन व व्हॉल्व्ह एकाच जागेत आळीपाळीने येतात, तेथे त्यांची टक्कर अटळ असते.

ऑइल भरण्याच्या तोंडातून किंवा टॅपेट कव्हर काढलेले असताना हेडवर पडलेला बोल्ट ऑइल परतण्याच्या वाटेने खाली चेंबरमध्ये उतरू शकतो. तिथे तो कदाचित दिवसेंदिवस निमूट पडून राहील. पण त्या भरवशावर गाडी चालवू नये; चेंबर उतरवून तो काढावाच. बोल्ट यांपैकी कोठेही नाही अशी खात्री पटली, तरच इंजिन आधी पुलीवरून पान्याने, हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे. कुठे अडले, तर जोर न लावता तिथेच थांबावे.

हे सगळे टाळण्याचा उपाय सोपा आहे. उघडी भोके स्वच्छ फडक्याने किंवा चिकटपट्टीने बंद करूनच पुढचे काम करावे. फडकी किती कोंबली हे मोजून ठेवावे, कारण आत राहिलेले फडकेही कमी उपद्रवी नसते.

रिकामे भोक खरेच रिकामे का?

आट्यांचे एखादे भोक उघडे दिसले म्हणजे तेथला बोल्ट हरवला, असे लगेच धरून चालू नये. कारखान्यात एकच ओतीव ब्लॉक अनेक मॉडेलसाठी वापरला जातो. वातानुकूलन नसलेल्या गाडीत कॉम्प्रेसरची पकड बसवण्याची भोके मोकळीच असतात. काही भोके तर केवळ कारखान्यातील यंत्रावर ब्लॉक धरून ठेवण्यासाठी पाडलेली असतात. ओळखण्याची खूण सोपी आहे. ज्या भोकात बोल्ट होता, त्याच्या तोंडाभोवती वायसरचा किंवा डोक्याचा गोल चकाकता ठसा असतो आणि आतले आटे स्वच्छ असतात. वर्षानुवर्षे मोकळ्या राहिलेल्या भोकात धूळ, ऑइलची मळी आणि गंज यांचा थर सापडतो. याउलट, ठसा आहे पण आतही गंज आहे, तर बोल्ट आज नव्हे, मागच्या एखाद्या दुरुस्तीत गेला आहे, हे जाणावे आणि त्याच भागातले आणखी काही गेले आहे काय ते पाहावे.

माप कसे वाचावे

बोल्टची ओळख मुख्यतः चार गोष्टींनी होते : दांड्याचा व्यास, आट्यांमधले अंतर म्हणजे पिच, डोक्याखालची लांबी आणि पोलादाची ताकद. ‘एम ८ गुणिले १.२५ गुणिले ३०’ याचा अर्थ आठ मिलिमीटर व्यास, दर सव्वा मिलिमीटरला एक आटा आणि तीस मिलिमीटर लांबी. लांबी मोजताना षट्कोनी डोके धरायचे नसते. चपट्या बुडत्या डोक्याचा स्क्रू मात्र डोक्यासकट मोजतात.

मूळ बोल्टच हरवला असेल, तर त्याचा उत्तम साक्षीदार म्हणजे शेजारचा बोल्ट. एकाच झाकणाचे बोल्ट बहुधा एकाच जातीचे असतात. बहुधा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. वॉटर पंप, टायमिंग कव्हर आणि अल्टरनेटरची पकड यांत मुद्दाम दोन-तीन लांब्यांचे बोल्ट योजलेले असतात. म्हणून शेजाऱ्यावरून व्यास आणि पिच घ्यावा. लांबी मात्र त्या भोकापुरती स्वतंत्र मोजावी.

पान्याच्या मापावरून बोल्टचा व्यास सांगणे ही आपल्याकडची सर्वांत मोठी गफलत. मेकॅनिकच्या बोलीत बोल्ट ‘दहाचा’, ‘बाराचा’ किंवा ‘चौदाचा’ असतो, पण ते माप डोक्याचे, दांड्याचे नव्हे. दहाचा पाना बहुधा एम ६ बोल्टला लागतो. त्यापुढे देशोदेशीच्या प्रथा वेगळ्या होतात. जपानी परंपरेत एम ८ बोल्टचे डोके १२ मिलिमीटरचे आणि एम १० चे १४ मिलिमीटरचे असते. युरोपीय गाड्यांत एम ८ ला १३ आणि एम १० ला १६ लागतो. जुन्या जर्मन मानकानुसार तो १७ असे. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळणाऱ्या एम ८ बोल्टला १३ चाच पाना लागतो. यातून एक गमतीचा पुरावा हाती येतो. मारुती-सुझुकी, टोयोटा किंवा होंडाच्या इंजिनावर बाराच्या डोक्यांच्या रांगेत एकच तेराचे डोके दिसले, तर तो बोल्ट बहुधा नंतर कुणीतरी बाहेरून आणून बसवला आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने ही नजर जरूर कमवावी.

पिचच्या बाबतीतला सापळा याहून वाईट. एम ६ मध्ये १ मिलिमीटर आणि एम ८ मध्ये १.२५ मिलिमीटर हा पिच मोटारींत इतका रूढ आहे की तेथे चूक क्वचित होते. एम १० वर आले की घोळ सुरू होतो. बाजारात सर्रास मिळणारा जाड आट्यांचा एम १० हा १.५ पिचचा असतो आणि जपानी घराण्याच्या मोटारींत मात्र तो बहुतेक ठिकाणी १.२५ चा असतो. एम १२ चा बाजारी पिच १.७५, तर मोटारीत १.२५ किंवा १.५. दोन्ही बोल्ट दिसायला सारखे. चुकीचा बोल्ट पहिले एक-दोन फेरे जातोही. मग तो जड होतो आणि मेकॅनिक पान्याला पाइप लावतो. हेड ॲल्युमिनियमचे असेल, तर पोलादी बोल्ट स्वतःचे नवे आटे पाडत आत जातो आणि जुने कायमचे मारतो.

पिच मोजण्यासाठी दातेरी पात्यांचे पिच गेज मिळते. ते नसेल, तर दहा आट्यांची लांबी मोजून दहाने भागावी, १२.५ मिलिमीटर भरले तर पिच १.२५. दुसरा मार्ग आणखी सोपा. ज्याची ओळख पक्की आहे असा बोल्ट आणि संशयित बोल्ट यांचे आटे एकमेकांवर टेकवून उजेडाकडे धरावेत. दाते एकमेकांत पूर्ण बसले आणि मधून प्रकाश दिसला नाही, तर पिच एकच. शेवटची कसोटी बोटांची. योग्य बोल्ट स्वच्छ भोकात पान्याशिवाय, केवळ बोटांनी निदान चार-पाच फेरे गेलाच पाहिजे.

लांबीसाठी उदबत्तीची काडी पुरते. ती भोकात तळाला टेकेपर्यंत घालावी, तोंडाशी नखाने खूण करावी आणि मोजावी. यात बसवायच्या भागाची व वायसरची जाडी मिळवली की बोल्टच्या लांबीची कमाल मर्यादा कळते. तीतून दोन-तीन मिलिमीटर वजा करावेत. बोल्ट तळाला टेकला, तर पाना घट्ट झाल्याचे सांगतो पण झाकण सैलच राहते, आणि आणखी जोर दिल्यास भोकाचा तळ फुटतो. फार आखूड बोल्टही तितकाच वाईट. पोलादात दांड्याच्या व्यासाइतके आणि ॲल्युमिनियममध्ये व्यासाच्या दीडपट ते दुप्पट आटे गुंतले पाहिजेत, असा ढोबळ नियम आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये एम ६ बोल्ट ९ ते १२ मिलिमीटर आत गेला पाहिजे. भोक आरपार असेल आणि काडी पुढे मोकळीच जात असेल, तर पलीकडे काय आहे ते आधी शोधावे. पलीकडे पाणी किंवा ऑइल असेल, तर शेजारच्या बोल्टच्या आट्यांवर सीलंटचे अवशेष दिसतात. नव्यालाही ते लावावे लागते.

इंचांचा वारसा

हे सर्व मेट्रिक बोल्टविषयी झाले. पण आपल्या रस्त्यांवर अर्धशतक धावलेली ॲम्बेसिडर ही मूळची इंग्रज मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या बीएमसी इंजिनाचे बोल्ट इंचांतले, युनिफाइड बारीक आट्यांचे होते. तिच्या पाव इंची बोल्टला ७/१६ चा, ५/१६ ला अर्ध्या इंचाचा आणि ३/८ ला ९/१६ चा पाना लागे. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यावर तेराचा पाना बसतो, फिरतोही, आणि एखाद्या दिवशी डोक्याचे कोपरे गोल करून मोकळा होतो. पुढे इसुझूचे इंजिन आल्यावर त्याच गाडीत मेट्रिक बोल्टही आले. इटालियन कुळातली प्रीमियर पद्मिनी मात्र मूळचीच मेट्रिक. २०१४ मध्ये उत्तरपाडा येथील ॲम्बेसिडरचे उत्पादन थांबले. तरी हौसेने जपलेल्या गाड्यांच्या मालकांना हा इंच-मिलिमीटरचा संसार आजही सांभाळावा लागतो.

या गोंधळाचा इतिहास मोठा आहे. १८४१ मध्ये इंग्लंडच्या जोसेफ व्हिटवर्थ यांनी ५५ अंशांच्या आट्यांचे पहिले राष्ट्रव्यापी मानक सुचवले. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी ६० अंशांचे सोपे आटे पुढे केले. १८९८ मध्ये झुरिक येथे युरोपीय देशांनी मेट्रिक आट्यांवर सहमती केली. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजी आणि अमेरिकी बोल्ट एकमेकांच्या यंत्रांत बसत नाहीत, याची मोठी किंमत मोजल्यावर १९४८ मध्ये ब्रिटन, अमेरिका व कॅनडा यांनी ‘युनिफाइड’ आटे स्वीकारले. १९४७ मध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची पहिल्या क्रमांकाची तांत्रिक समिती नेमकी स्क्रूच्या आट्यांचीच आहे, यावरून विषयाचे महत्त्व लक्षात यावे. भारताने १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापे स्वीकारली. पण हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइके आजही ‘तीन सुती’ बोल्ट मागतात. इंचाचे आठ सूत, म्हणजे तीन सूत म्हणजे ३/८ इंच, साडेनऊ मिलिमीटर. अशा मागणीवर दुकानदार कधी इंची माल देतो, कधी दहा मिलिमीटरचा. म्हणून मोटारीसाठी सुताची भाषा वापरू नये.

डोळ्यांनी जुळवलेला बोल्ट

दिसायला सारखा बोल्ट किती घात करू शकतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण मोटारीचे नव्हे, विमानाचे आहे. १० जून १९९० रोजी ब्रिटिश एअरवेजचे ५३९० क्रमांकाचे विमान बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाकडे निघाले. सुमारे १७ हजार फुटांवर वैमानिकासमोरची काच निखळून पडली आणि कॅप्टन टिम लँकेस्टर कमरेपर्यंत विमानाबाहेर ओढले गेले. कर्मचाऱ्यांनी त्यांचे पाय धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउथॅम्प्टनला उतरवले आणि आश्चर्य म्हणजे सर्वजण वाचले.

चौकशीत निष्पन्न झाले ते असे. उड्डाणाच्या सुमारे २७ तास आधी ती काच बदलण्यात आली होती. तिच्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश मिलिमीटरने कमी होते. उरलेले सहा योग्य जाडीचे पण आखूड होते. सुटे भाग निवडताना कॅटलॉग पाहण्याऐवजी काढलेला बोल्ट नमुना म्हणून घेऊन त्याच्याशी नवे डोळ्यांनी जुळवले गेले होते. यात खरी मेख पुढेच आहे. बारीक बोल्टचा पिच मूळ बोल्टइतकाच, इंचाला ३२ आटे, होता. त्यामुळे तो फिरत आत गेला, आणि हाताला काही वावगे जाणवले नाही. भर म्हणून, नमुना मानलेले जुने बोल्टही कॅटलॉगमधल्यापेक्षा आखूडच होते. आधीच्या कुणाची तरी चूक नमुना बनून पुढे आली होती.

मोटारीच्या संदर्भात यातून मिळणारा धडा व्यवहाराचा आहे : शेजारचा बोल्ट साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. अंतिम शब्द कंपनीच्या पार्ट्स कॅटलॉगचा. त्यात इंजिनाचे आकृतीसह भाग दाखवलेले असतात आणि प्रत्येक बोल्टला क्रमांक असतो. कित्येकदा या क्रमांकातच माप दडलेले असते. होंडाचा ‘९५७०१-०६०१६’ असा क्रमांक पाहिला, तर त्यातले ०६ म्हणजे व्यास आणि ०१६ म्हणजे लांबी. अधिकृत विक्रेत्याच्या काउंटरवर गाडीचा चासी क्रमांक सांगितला की हा शोध सहसा काही मिनिटांत लागतो.

ताकदीचे आकडे

मेट्रिक बोल्टच्या डोक्यावर ८.८, १०.९ किंवा १२.९ असे आकडे उठवलेले असतात. पहिल्या आकड्याला शंभराने गुणले की तुटण्याची ताकद मिळते, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये. दोन्ही आकड्यांच्या गुणाकाराला दहाने गुणले की बोल्ट कायमचा ताणला जाण्याची मर्यादा मिळते. म्हणजे ८.८ चा बोल्ट ८०० ला तुटेल आणि ६४० ला ताणला जाईल. भारतीय मानक आयएस १३६७ मध्येही हीच पद्धत आहे. जपानी गाड्यांच्या बोल्टवर ४ किंवा ७ असा एकेरी आकडा, तर अमेरिकी बोल्टवर रेघा असतात. तीन रेघा ग्रेड पाच, सहा रेघा ग्रेड आठ. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट फाटकाच्या बिजागरीला ठीक, इंजिनाला नको.

मग सगळीकडे १२.९ चाच का घालू नये? कारण जोडाची ताकद त्याच्या दुबळ्या बाजूने ठरते, आणि ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये ती बाजू म्हणजे भोकातले आटे. जादा ताकदीचा बोल्ट जादा आवळण्याचा मोह पाडतो आणि बळी आट्यांचा जातो. स्टेनलेसच्या बोल्टचे आकर्षणही असेच फसवे आहे. तो गंजत नाही, पण नेहमीच्या जातीचा स्टेनलेस बोल्ट ताकदीला ८.८ पेक्षा कमी पडतो आणि दमट हवेत त्याच्याशी संपर्कात आलेले ॲल्युमिनियम कुरतडले जाते. मुंबई-कोकणच्या खाऱ्या हवेत तर हे फार लवकर दिसते.

काही बोल्ट केवळ बोल्ट नसतात. टॅपेट कव्हरच्या अनेक बोल्टांना खांदा असतो. खांदा टेकला की कव्हर आणखी दाबले जात नाही. तिथे सरळ दांड्याचा बोल्ट घातला, तर कव्हर वाकते आणि गॅसकेट पिचते. टर्बोला ऑइल पोहोचवणारा बँजो बोल्ट आतून पोकळ असतो. त्याच्या जागी त्याच मापाचा भरीव बोल्ट बसवला, तर गळती होत नाही, सगळे छान दिसते आणि टर्बो कोरडा पडून जळतो. कनेक्टिंग रॉडचे, फ्लायव्हीलचे, क्रँक पुलीचे, सिलिंडर हेडचे बोल्ट आणि इंजिनाबाहेरचे ब्रेक, स्टिअरिंग व सीट बेल्टचे बोल्ट यांना बाजारी पर्याय नाही. हेडचे बोल्ट पुष्कळ आधुनिक इंजिनांत मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणून बसवतात. ते एकदाच वापरायचे असतात. किरकोळ बोल्टसाठी मात्र पुण्यातील नाना पेठ, मुंबईतील ऑपेरा हाउस परिसर किंवा नागदेवी स्ट्रीट येथील दुकानदार पुरेसे जाणते असतात. नमुना, व्यास, पिच, लांबी आणि आकडा एवढे सांगितले की ते उगाच प्रश्न विचारत नाहीत.

बसवताना

नवा बोल्ट बसवण्यापूर्वी भोक पुसून कोरडे करावे. तळाशी ऑइल साचले असेल, तर बोल्ट त्यावर दट्ट्यासारखा दाबतो आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आटे मळले असतील, तर योग्य पिचचा टॅप हाताने, हलकेच फिरवावा. आटे मेलेच असतील, तर भोक मोठे करून तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवता येतात. ॲल्युमिनियममध्ये ते मूळच्या आट्यांपेक्षाही टिकाऊ ठरतात. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळून किंवा एक माप मोठा बोल्ट ठोकून वेळ मारून नेण्याचे प्रकार मात्र कटाक्षाने टाळावेत.

आवळण्याचा जोर मॅन्युअलमध्ये दिलेला असतो आणि तोच पाळावा. अंदाज यावा म्हणून सांगायचे, तर ८.८ प्रतीच्या एम ६ साठी सुमारे १० न्यूटन-मीटर, एम ८ साठी २५ आणि एम १० साठी ५० च्या आसपास. ॲल्युमिनियमच्या भोकात याहून कमी. आपल्या मेकॅनिकच्या भाषेत दहा न्यूटन-मीटर म्हणजे एक किलो-मीटर, एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन. एम ६ बोल्टला इतकेच पुरते, हे प्रथम ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही. पान्यावर लावलेल्या जोरापैकी जेमतेम दहावा हिस्सा बोल्ट ताणण्याच्या कामी येतो. बाकी सारा घर्षणात जातो. म्हणूनच आट्यांना ऑइल लावले की घर्षण घटते आणि त्याच आकड्याला बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. मॅन्युअलमध्ये ऑइल लावायला सांगितले नसेल, तर कोरडाच बसवावा. थरथरीने सैल होणाऱ्या ठिकाणी निळा थ्रेडलॉकर पुरेसा असतो. लाल थ्रेडलॉकर नंतर उष्णता दिल्याशिवाय सहसा सुटत नाही.

चेंबरचा ड्रेन नट हरवल्यास त्याचा वायसरही नवा घ्यावा. तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा हा वायसर चेपून बसतो म्हणूनच गळती थांबते. जुना पुन्हा वापरून गळती दिसली की लोक नट आणखी आवळतात आणि चेंबरचे आटे मारतात. हा नट बहुतेक गाड्यांत एम १२ किंवा एम १४ चा, बारीक पिचचा असतो. चालत्या गाडीतून तो गळून पडला, तर ऑइलचा लाल दिवा लागताक्षणी इंजिन बंद करावे. पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत नेऊ, हा विचार इंजिनाच्या किमतीचा आहे.

काम झाल्यावर बोल्टच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर जाणारी एक बारीक रेघ रंगाच्या पेनाने ओढून ठेवावी. इंजिन गरम होऊन पूर्ण थंड झाल्यावर, आणि पुन्हा दोनशे-तीनशे किलोमीटरनंतर, ती पाहावी. रेघ अखंड असेल, तर पाना लावण्याची गरज नाही. तुटलेली असेल, तर बोल्ट फिरला आहे, आणि नुसते पुन्हा आवळण्याऐवजी तो काढून आटे, लांबी व वायसर एकदा तपासावेत.